घरचा हिशेब : कोणते कार्ड ठेवावे, कोणते परत करावे?

मार्चअखेर आली की आमचे वडील दुकानातली खतावणी घरी आणत आणि रात्रीच्या जेवणानंतर माजघरात बसून एकेक खाते तपासत. ज्या खात्यावर वर्षभर नुसती देवघेव झाली, पण हाती काहीच उरले नाही, त्याच्यापुढे ते पेन्सिलीने एक बारीक फुली मारीत. ‘उलाढाल म्हणजे नफा नव्हे’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. दुकान गेले, खतावणीही गेली. फुली मारण्याची सवय मात्र माझ्याकडे वारशाने आली.

ती सवय या महिन्यात पुन्हा कामी आली. पुण्याला राहणारी माझी भाची परवा घरी आली आणि चहा होण्याआधीच तिने पर्समधून पाच क्रेडिट कार्डे काढून टेबलावर मांडली. सगळी प्रवासाच्या सवलतींची. विमानाचे पॉइंट, विमानतळावरील विश्रामकक्ष, हॉटेलात सूट अशी एकाहून एक आकर्षक आश्वासने.

“मामा, यांतली कोणती ठेवू? बँकेतले म्हणतात, सगळीच चांगली आहेत.”

“अगं, बँकेसाठी ती चांगलीच असणार. तुझ्यासाठी कोणती चांगली आहेत, ते आपण पाहू.”

तिच्या प्रश्नामागे दोन कारणे होती. ऑगस्टमध्ये तिला व जावईबापूंना गृहकर्जासाठी अर्ज करायचा आहे. आणि दुसरे अधिक जिव्हाळ्याचे : सांगलीला राहणाऱ्या तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, जर्मनीतल्या मुलाकडे एकदा घेऊन जायचे म्हणून ती तीन वर्षे पॉइंट साठवीत आली आहे. ताई आता बहात्तर वर्षांची आहे.

आम्ही वही घेतली. वाचकहो, जो हिशेब आम्ही मांडला तो तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून तो सविस्तर देतो.

पहिले कार्ड सर्वांत दिमाखदार. वार्षिक शुल्क ५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५,९०० रुपये. दर शंभर रुपयांच्या खरेदीवर दोन पॉइंट. भाची या कार्डावर महिन्याला सुमारे ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये खर्च करते. त्याचे ७,२०० पॉइंट झाले. विमानाच्या तिकिटासाठी वापरल्यास एका पॉइंटाला तिला साधारण एक रुपया मिळतो. विमानतळाच्या विश्रामकक्षात ती वर्षातून दोनदा गेली. त्याचे मोल किती धरायचे? जाहिरातीत लिहिलेले नव्हे, तर तो कक्ष नसता तर चहा-नाश्त्यावर तिने खिशातून जेवढे खर्चले असते तेवढेच. दोन वेळचे मिळून ६०० रुपये धरले. एकूण लाभ ७,८००. शुल्क वजा जाता १,९०० रुपये शिल्लक.

“म्हणजे फायदाच आहे की, मामा!”

मी वडिलांची पेन्सिल घेतली. तिच्याकडे पहिल्या नोकरीपासूनचे एक साधे कार्ड आहे. शुल्क काही नाही आणि प्रत्येक खरेदीवर एक टक्का रक्कम परत मिळते. तोच ३,६०,००० रुपयांचा खर्च त्या साध्या कार्डावर केला असता तर ३,६०० रुपये बिनबोभाट परत आले असते. तेव्हा दिमाखदार कार्डाने १,९०० मिळवून दिले नाहीत, १,७०० गमावले. हा हिशेबातला कळीचा भाग आहे आणि बहुतेक जण तोच विसरतात. कार्डाची तुलना ‘काहीच न मिळण्याशी’ करायची नसते. घरात जे सर्वांत स्वस्त कार्ड आहे, त्याच्याशी करायची असते. या दोन कार्डांत एका टक्क्याचा फरक आहे. शुल्कातून विश्रामकक्षाचे ६०० वजा केले तर ५,३०० उरतात. म्हणजे वर्षाला ५,३०,००० रुपयांहून अधिक खर्च होत असेल तरच हे कार्ड साध्या कार्डाला मागे टाकील. आणि तेवढ्यासाठी खर्च वाढविणे म्हणजे आरोग्यासाठी आजार विकत घेणे होय.

या गणितात तीन गोष्टी मुद्दाम धरलेल्या नाहीत. कार्ड घेताना मिळालेले स्वागताचे पॉइंट एकदाच मिळतात. दुसऱ्या वर्षापासून ते हिशेबातून वगळावेत. घरभाडे, इंधन, विमाहप्ते, सरकारी कर अशा अनेक खर्चांवर पुष्कळ कार्डे पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात. म्हणून एकूण खर्चावर नव्हे, तर पात्र खर्चावर गुणाकार करावा. आणि पॉइंटाची किंमत आपण तो कशासाठी वापरतो यावर ठरते. तोच पॉइंट विमानाला एक रुपयाचा, तर दुकानाच्या गिफ्ट व्हाउचरला चार आण्यांचा असू शकतो.

दुसरे कार्ड एका विमान कंपनीबरोबर काढलेले. शुल्क भरले की दरवर्षी एका तिकिटाचे व्हाउचर मिळते. मागील वर्षीचे व्हाउचर कुठे आहे, असे विचारल्यावर भाची गप्प झाली. मुदत संपून गेली होती. गेल्या वर्षभरात ती विमानात तीनदाच बसली होती. माहेरी येणे-जाणे मात्र दर महिन्याला, पुणे ते सांगली, रेल्वेने. पॉइंट विमानाचे आणि पाय रुळांवर, असा हा प्रकार! विशिष्ट कंपनीचे कार्ड त्याच कंपनीने वारंवार जाणाऱ्याला लाभते. इतरांसाठी ते एका दोरीने बांधून घेणे आहे.

ही दोरी तुटलेलीही आपण पाहिली आहे. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. त्या कंपनीचे पॉइंट बाळगणाऱ्यांना पुढे त्यांचे वेगळे उपयोग शोधावे लागले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिची सदस्य योजनाही एअर इंडियाच्या योजनेत गेली. कंपनी बंद झाली नाही तरी नियम बदलतातच. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे वार्षिक शुल्क सप्टेंबर २०२३ पासून १०,००० वरून १२,५०० रुपये झाले, आणि ज्या पाच पॉइंटांचे भागीदार कंपनीकडे चार मैल होत, त्यांचे सर्वसाधारण ग्राहकासाठी दोनच होऊ लागले. एचडीएफसी बँकेच्या रेगालिया कार्डावर डिसेंबर २०२३ पासून विश्रामकक्षासाठी तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट आली. यात बेकायदेशीर काही नाही. योजनेच्या अटींतच बदलाचा अधिकार राखलेला असतो. तात्पर्य इतकेच, की पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. बँकेतल्या ठेवीवर व्याज वाढते. साठविलेल्या पॉइंटाची किंमत बहुधा घटतच जाते.

तिसरे कार्ड रेल्वेचे. आयआरसीटीसीने एसबीआय कार्ड, एचडीएफसी बँक आणि बँक ऑफ बडोदा यांच्यासह अशी कार्डे काढली आहेत. भाचीच्या कार्डाचे शुल्क काहीशे रुपयांचे. वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर पॉइंट बरे मिळतात व ते पुन्हा तिकिटांसाठीच वापरता येतात. वर्षभराची तिकिटे जोडून पाहिली, तर शुल्क वजा जाऊनही थोडी रक्कम उरत होती. दिसायला साधे, पण हिच्या पायांना जुळणारे कार्ड हेच. ते राहिले.

चौथे कार्ड परदेशी चलनाच्या कमी आकाराचे. नेहमीच्या कार्डावर परदेशात खर्च केला की साधारण ३.५ टक्के आकार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के पडतात. दोन लाखांच्या खर्चावर ८,२६० रुपये. या कार्डाचा आकार २ टक्के, जीएसटीसह २.३६, तेवढ्याच खर्चावर ४,७२०. एका प्रवासात ३,५४० रुपयांचा फरक पडतो. ज्यांची मुले परदेशात आहेत आणि वर्षा-दोन वर्षांनी जाणे होते, त्यांनी पॉइंटांच्या आधी हा आकडा पाहावा. भाचीचे हे कार्ड जर्मनीचा प्रवास होईपर्यंत राहील. पाचवे ते पहिल्या नोकरीतले साधे कार्ड; ते तर राहणारच.

मग मी तिला मागील बारा महिन्यांची बिले दाखवायला सांगितली. दिवाळीच्या महिन्यात ५०,००० रुपये थकले होते. महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे १,७५० आणि त्यावर जीएसटी ३१५. एका महिन्याचे २,०६५ रुपये. तेवढ्या खर्चावर पॉइंट मिळाले हजार रुपयांचे. थकबाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे तिला ठाऊकच नव्हते. ज्या घरात बिल दर महिन्याला पूर्ण भरले जात नाही, त्या घराने प्रवासाच्या कार्डांचा विचारच करू नये. कोणताही पॉइंट त्या व्याजाला पुरा पडत नाही.

“मग दोन्ही कार्डे आजच बंद करते,” ती म्हणाली.

इथे मी तिला थांबविले, कारण गृहकर्ज समोर आहे. तिच्या पाचही कार्डांची एकूण मर्यादा सहा लाख असून महिन्याची बिले सुमारे ९०,००० होतात. म्हणजे वापर १५ टक्के. तीन लाखांची मर्यादा एकदम कमी झाली तर तोच वापर ३० टक्के दिसेल आणि पतगुणांक उतरू शकेल. जुने खातेही पतइतिहासाच्या दृष्टीने मोलाचे असते. शुल्क नसलेले सर्वांत जुने कार्ड म्हणूनच सांभाळावे. तेव्हा असे ठरले : दिमाखदार कार्ड बंद न करता त्याच बँकेच्या बिनशुल्क कार्डात बदलून मागायचे, आणि मर्यादा कायम राहील का ते आधी विचारून घ्यायचे. विमान कंपनीचे कार्ड कर्ज मंजूर झाल्यावर परत करायचे. त्याचे पुढील शुल्क नोव्हेंबरात आहे.

परत करण्याचीही रीत आहे. आधी पॉइंट वापरून टाकावेत. वीजबिल, विमा, मोबाइल यांची आपोआप जाणारी देणी दुसरीकडे वळवावीत. चालू हप्ते व शेवटचे बिल पूर्ण भरावे आणि मग लेखी विनंती करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, देणे शिल्लक नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे; विलंब झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बंद केल्याची पोच जपून ठेवावी आणि दोन महिन्यांनी पतअहवालात ते खाते ‘बंद’ दिसते का ते पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

शेवटी तिने आईसाठी साठविलेल्या पॉइंटांचा विषय काढला. अजून वर्षभर थांबले तर दोघींची वरच्या वर्गाची तिकिटे निघतील, असा तिचा बेत होता.

तेव्हा मला माझी एक गोष्ट सांगावी लागली. माझ्या आईला आयुष्यात एकदा विमानात बसायचे होते. कुठे जायचे याची तिला फिकीर नव्हती. ढग वरून पाहायचे होते. माझ्याकडे तिच्या एका तिकिटाइतके पॉइंट होते. पण दोघांचीही तिकिटे पॉइंटांतूनच काढायची, असा माझा हिशेबी हट्ट. मी थांबलो. त्या पावसाळ्यात ती पडली, अंथरुणाला खिळली आणि पुढच्या वर्षी गेली. काही महिन्यांनी पॉइंटांची मुदत संपल्याचा संदेश आला. चूक कोणा कंपनीची नव्हती, माझीच होती. सगळे आकडे बरोबर मांडणाऱ्या माणसाने एकच रकाना सोडला होता, वेळेचा.

भाची काही बोलली नाही. तिने फोन काढला, पॉइंट तपासले. साध्या वर्गात एक जाणे-येणे निघत होते. कर वेगळे भरायचे. स्वतःचे तिकीट ती पैशांनी काढणार आहे. संध्याकाळी ताईचा फोन आला : “अरे, तिकडे मे महिन्यात थंडी असते का रे? स्वेटर घेऊ ना?”

“घे,” मी म्हणालो, “आणि खिडकीची जागा माग.”

वाचकहो, मार्च संपण्यापूर्वी एका संध्याकाळी आपली कार्डे टेबलावर मांडा. प्रत्येकाचे शुल्क, खरा लाभ आणि साध्या कार्डाशी तुलना लिहा. फुली कुठे पडते ते दिसेलच. आणि पॉइंट साठले असतील, तर ते कोणासाठी साठविले आहेत, ते नावही शेजारी लिहा.