वाचनाविना निवाडा

समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तीचे नियम सर्वांना सारखे लावले की न्याय साधतो, अशी सोयीस्कर धारणा आपल्याकडे रूढ होत आहे. नियम लावणे ही मुळात वाचनाची कृती आहे, हे तीत विसरले जाते. वाचणारा कोण, त्याला घाई किती आणि तक्रार कोणाची, यांवर संहितेचा 'अपराध' ठरतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी तरुणी आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, दोघींनाही अटक झाली. लेखक आणि वाचक यांच्यातील भेद तेथे पुसला गेला. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला 'ऑपरेशन सिंदूर'संबंधीचा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुनर्प्रसारित केल्याबद्दल अटक झाली. तिने तो काढून टाकला होता, क्षमाही मागितली होती. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकले. उद्धृत करणारा आणि निर्मिणारा येथे एकच मानले गेले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचा आदेश दिला आणि महाविद्यालयाची कारवाईही स्थगित केली. तोवर तुरुंगवास घडून गेला होता.

न्यायालयीन वाचनही एकसूत्री नाही. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संदिग्धतेमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद केला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ मे रोजी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने इतिहासातील आदरणीय व्यक्तींच्या संदर्भात अश्लीलतेची कसोटी अधिक कठोरपणे लावावी असे म्हटले. आदरणीय कोण, हे मात्र कोणत्या संहितेवरून ठरवावयाचे? रद्द झालेल्या ६६अखाली गुन्हे नोंदविणे चालूच असल्याचे २०२१ मध्ये याच न्यायालयापुढे आले.

मग नियमच नकोत काय? तसे नव्हे. धमकी आणि द्वेषाची चिथावणी दुर्बलांचाच आवाज आधी बंद करतात. त्यांना आवर हवाच. परंतु मजकूर हटविणाऱ्या कंपनीने आणि अटक करणाऱ्या पोलिसाने आपले वाचन लेखी मांडले पाहिजे: आक्षेप कोणत्या शब्दांवर आहे, उक्ती कोणाची आहे, ती कोणाला उद्देशून आहे, तिच्यातून कोणती हानी निकट संभवते. चार ओळींच्या कवितेवर लिहिताना आपण पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करतोच. ज्या वाचनाने माणूस कोठडीत जातो, त्याच्याकडून ती कमी का असावी? आणि हा प्रश्न समीक्षकांनी विचारावयाचा नाही, तर कोणी?