अडतिसाव्या अक्षवृत्ताचा जाब

कोरियातील युद्धाचे उत्तरदायित्व कोणाचे, या वादात २५ जून १९५० रोजी पहाटे अडतिसावे अक्षवृत्त ओलांडणाऱ्या किम इल-सुंगच्या फौजांकडे बोट दाखवून मोकळे होणे सोपे आहे. आणि आक्रमणाचा आरोप त्यांच्यावरच शाबीत होतो, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु त्या अक्षवृत्ताची सरहद्द झाली कशी? ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानची शरणागती दृष्टिपथात येताच, वॉशिंग्टनमधील दोन अमेरिकी कर्नलांनी नॅशनल जिऑग्राफिकच्या नकाशावर, एका रात्रीच्या घाईत, ती रेषा मुक्रर केली. स्टालिनने ती बिनतक्रार मान्य केली. आणि ज्यांची शेते, गावे व सोयरिकी तिने दुभंगल्या त्या कोरियन रयतेचा कौल कोणीही घेतला नाही. पुढे किमने वारंवार मागितलेली चढाईची परवानगीही स्टालिननेच दिली, हे मॉस्कोची दप्तरे खुली झाल्यावर कागदोपत्री सिद्ध झाले; दक्षिणेत सिंगमन ऱ्ही हेही बळाने एकीकरण करण्याचीच भाषा बोलत होते.

युद्धकैद्यांच्या पहाऱ्यासाठी मेजर जनरल थोरात यांच्या हुकमतीखाली गेलेल्या भारतीय दलाने या राजकारणाचे फळ जवळून पाहिले: ८८ कैद्यांनी उत्तर, दक्षिण, चीन, फोर्मोसा यांपैकी कोठेही जाण्यास नकार देऊन हिंदुस्थानचा रस्ता धरला. २७ जुलै १९५३ च्या तहकुबीचे रूपांतर अद्याप शांततेच्या तहात झालेले नाही, आणि हा कसूर आम्ही आक्रमकाइतकाच रेषा आखणाऱ्यांच्या वारसांकडेही लावतो.