अढी फळ्यावर शिकवता येत नाही

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो. तो होतोच असे नाही. परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात आणि मुख्याध्यापकांना त्यात काही वावगे वाटत नाही. उरलेल्या तासांना मुले शिट्टीच्या तालावर हात वर-खाली करतात. आता तर पडद्यावर चित्रफीत दाखवून आसने ‘शिकवण्याची’ सोय झाली आहे! शरीराचे कौशल्य म्हणजे डोळ्यांवाटे डोक्यात भरावयाची माहिती, हा या साऱ्यामागचा समज. तो मुळातच खोटा आहे.

मल्लखांबाचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले. तिच्या आरंभीच्या धड्यांतली साधी अढी म्हणजे हातांनी खांब धरून अंग उलटे वर न्यायचे आणि पायांनी खांबाला विळखा घालायचा. वर्णन एका वाक्यात संपते. शिकणे संपत नाही. नवखा मुलगा श्वास कोंडतो, सगळे सांधे आवळतो आणि एरंडेल लावलेल्या खांबावरून घसरतो. जाणता वस्ताद त्या वेळी व्याख्यान देत नाही. तो कमरेला हाताचा आधार देतो आणि दिवसागणिक तो काढून घेतो. कंबर केव्हा उचलायची, हे त्या मुलाच्या अंगालाच उमगावे लागते.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले. कसबी कामगाराचा घाव अचूक पडे, पण खांदा, कोपर, मनगट यांची हालचाल दर वेळी थोडी निराळी असे. म्हणजे सराव ही एकाच हालचालीची नक्कल नव्हे. तेच कोडे प्रत्येक वेळी नव्याने सोडवणे होय. शिट्टीच्या कवायतीत कोडेच नसते, मग मुलांनी सोडवायचे काय? (हजार जोर मारण्यातच विद्या संपली, असे मानणारे वस्ताद जुन्या आखाड्यांतही होते, हेही खरे.)

‘मैदानामुळे अभ्यास बुडतो’, असे म्हणणाऱ्या पालकांना एक विचारावे : पोहण्याची चित्रफीत पाहिलेल्या मुलाला ते विहिरीत सोडतील काय?

मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. अभिमान वाटलेल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांपैकी किती जणांनी आपल्या पटांगणात एक खांब पुरला?