माळ्यानं न लावलेली फुलं

फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, काटेसावर आपणहून नजर ओढून घेतात. माझी विनंती आहे ती त्याच दिवसांत पायाशी फुलणाऱ्यांसाठी. रोज बागेत फेऱ्या मारता ना, त्यातली शेवटची जरा हळू मारा. कानातले इयरफोन काढा आणि जिथं नळाचं पाणी झिरपतं तिथं, कुंपणाच्या तारेखाली, फरशीच्या सांध्यात बघत चला.

एकदांडी बहुधा भेटेलच. उभ्या बारीक दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेनं पांढरट. गुडघे साथ देत असतील तर खाली बसा. जे एक फूल वाटतं, तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो. मधला प्रत्येक पिवळा ठिपका हे एक स्वतंत्र फूल, आणि कडेची प्रत्येक पाकळी हेही एक फूलच; तिच्या टोकाला छोटे दाते दिसतील. मूळची ही अमेरिका खंडातली, पण इथं इतकी रुळली की खरचटलं की दगडीपाला म्हणून हिचीच पानं चुरून लावायची पद्धत पडली.

ओलाव्याला आंबुशी असते. तिची पाच पाकळ्यांची पिवळी फुलं रात्री मिटतात, म्हणून उजाडायच्या आत फिरून घरी जाणाऱ्यांना ती उघडी दिसतच नाहीत. सुट्टीच्या दिवशी ऊन वर आल्यावर जा. तिची पिकलेली शेंग बोटानं हलकेच दाबा, बिया उडतील. आसपास नखाएवढं निळसर फुलपाखरू घुटमळत असेल तर ते बहुतेक अंडी घालायला आलंय. त्याच्या अळ्या याच पानांवर वाढतात.

नावं येत नाहीत म्हणून थांबू नका. फुलासोबत पान, फुलाची मागची बाजू आणि अख्खं झाड असे फोटो काढा. जाणकाराला नुसत्या फुलावरून सांगता येईलच असं नाही. मात्र फोटोवरून ओळखलेलं काहीही तोंडात घालू नका. पिवळा धोतरा दिसायला देखणा, पण त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि 1998 साली दिल्लीत माणसं दगावली.

उगवलेलं सगळंच जपा असंही माझं म्हणणं नाही. गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायलाच हवं; त्यानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. पण म्हणून सरसकट तणनाशक मारायचं कारण नाही. तुमच्या बागेतल्या माळीदादांशी एकदा बोला. चार-पाच जण मिळून उद्यान विभागाला अर्ज द्या: कुंपणालगतचा एक पट्टा फवारू नका, आणि बी पडेपर्यंत कापू नका. तो पट्टा कुठला असावा हे मात्र आधी स्वतः बघून ठरवा.