'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणजे काय?

मोबाईल अडकला, टॅब बंद पडला किंवा हातातला व्हिडिओ गेम चालू होईना, की आपल्याकडच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "सॉफ्टवेअर मारून देतो की, उद्या या." बेळगावात ऐका, निपाणीत ऐका, संकेश्वरात ऐका, वाक्य तेच. दुसऱ्या दिवशी यंत्र मिळतं, पैसे दिले जातात, विषय संपतो. यंत्राचं नेमकं काय केलं हे विचारायची आपल्याला सवय नाही, आणि विचारलंच तर उत्तर येतं, "सांगितलं की, सॉफ्टवेअर मारलं." हे वाक्य आपल्याला महागात पडतंय असं माझं मत आहे. त्यावरचा उपाय इंजिनिअरिंगवाल्यांच्या हातात आहेच, पण तितकाच तो मराठी साहित्य मंडळाच्याही हातात आहे.

उदाहरणासाठी मी हातात मावणारा गेम कन्सोल घेतो. सोनीचा पीएसपी, निन्टेंडोचे डीएस, थ्रीडीएस, स्विच हे सगळे त्यातलेच. नवाकोरा कन्सोल घेणारे आपल्यात थोडे. पण दुबईच्या काकांनी पाठवलेला, पुण्यात नोकरीला असलेल्या दादाने वापरून दिलेला जुना पीएसपी बाळगणारे भेटतात. असा कन्सोल हातात आला की त्यात आपल्याला हवं ते चालवायची इच्छा होते. कंपनीने दिलेल्या यंत्रात आपल्या सोयीने फेरफार करणं याला 'मॉडिंग' म्हणतात. हे करणारा प्रत्येकजण चोर असतो असं नाही. निन्टेंडोने थ्रीडीएससाठीचं आपलं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी विक्रीसाठी बंद केलं. यंत्र ठणठणीत, पण कंपनीच्या त्या दुकानातून नवा गेम विकत घ्यायची सोय संपली. अशा वेळी माणूस दुसरी वाट शोधणारच.

अडचण अशी की या वाटेवर वेगवेगळी पाच कामं आहेत आणि आपण त्या सगळ्यांना 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणतो. कंपनीचीच नवी आवृत्ती भरली तर ते अपडेट. मुद्दाम जुनी आवृत्ती भरली तर डाउनग्रेड. तिऱ्हाइताने बदललेली आवृत्ती भरली तर कस्टम फर्मवेअर. गेमच्या प्रती कार्डावर टाकल्या तर ती नुसती कॉपी. यंत्र उघडून आत जादा चिप डकवली तर मॉडचिप. पाचही कामांची जोखीम वेगळी. साधं अपडेट निरुपद्रवी वाटतं, पण त्याने मॉडिंगची वाट कायमची बंद होऊ शकते. डाउनग्रेड अर्धवट राहिलं तर यंत्र परत उठत नाही. नाव एकच असेल तर गिऱ्हाईक कशाला 'हो' म्हणतंय हे त्यालाच कळत नाही.

तेव्हा शब्द नीट समजून घेऊ. इथे मला एक गंमत दिसते. शब्दकोशात बघून शब्दाला शब्द ठेवला की हमखास फसगत होते.

पहिला शब्द फर्मवेअर. बटण दाबताच सगळ्यात आधी जागा होणारा, पडदा, बटणं, बॅटरी यांना कामाला लावणारा आणि यंत्राच्या आतल्या मेमरीत कायमचा मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. गेम येतात-जातात, हा घरमालकासारखा तिथेच असतो. त्याच्या पुढे 'कस्टम' लागलं की आपल्या सीमाभागातल्या कानांना नाका, तपासणी, गाडी बाजूला घ्या असलं काहीतरी ऐकू येतं. त्याचा इथे संबंध नाही. रेडीमेड शर्ट आपण शिंप्याकडे ऑल्टर करायला देतो ना? कापड तेच, कंपनी तीच, बाही मात्र आपल्या मापाची. कस्टम फर्मवेअर बहुतेक वेळा असंच असतं. कंपनीचंच फर्मवेअर, पण कुलपं काढून बाहेरचे प्रोग्रॅम चालतील असं उसवून शिवलेलं.

दुसरा शब्द होमब्रू. इंग्रजीत तो घरी गाळलेल्या बिअरवरून आला. आपण त्याचं 'हातभट्टी' केलं तर सगळा घोटाळा. हातभट्टी म्हटलं की आपल्याला पोलिसांची धाड आठवते. होमब्रू मात्र मॉडिंगमधली सगळ्यात सरळ बाजू आहे. हौशी लोकांनी कंपनीची परवानगी न घेता, पण स्वतःच्या डोक्याने लिहिलेले गेम आणि प्रोग्रॅम. 'घरगुती मसाला', 'घरगुती पापड' यातला 'घरगुती' इथे चपखल बसतो.

तिसरा एक्स्प्लॉइट. कोशात अर्थ मिळेल 'शोषण'. कन्सोलचं शोषण कोण करणार? इथे आपला रोजचा शब्द आहे : पळवाट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून राहून गेलेली फट आणि तिच्यातून आत शिरायची युक्ती. २००५ साली पीएसपीच्या २.०० फर्मवेअरमध्ये फोटो दाखवणाऱ्या भागात अशी फट सापडली. विशिष्ट तऱ्हेने बनवलेलं चित्र उघडलं की बाहेरचा प्रोग्रॅम चालायचा. २०१८ मध्ये स्विचच्या चिपमध्येच एक फट सापडली, तीही अशा जागी की जिथला मजकूर कारखान्यातून बाहेर पडल्यावर बदलता येत नाही. त्यामुळे तोवर विकलेल्या कन्सोलना कुठलंही अपडेट देऊन ती बुजवता आली नाही.

चौथा एमुलेटर. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणं. त्यासाठी 'बहुरूपी'पेक्षा चांगला शब्द मला तरी सुचत नाही. आज पोलीस, उद्या शंकर, परवा पोस्टमन. तसा मोबाईल आज गेमबॉय होतो, उद्या पीएसपी. आणि हा बहुरूपी जे खेळतो त्या गेमच्या प्रतीला म्हणतात 'रॉम'. लक्षात ठेवा, मोबाईल दुरुस्त करणारा 'रॉम' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा फोनची पूर्ण सिस्टीम असते. शब्द एक, अर्थ दोन, आणि गिऱ्हाईक मध्ये.

पाचवा शब्द माझा सगळ्यात आवडता : ब्रिक. फर्मवेअर खराब होऊन यंत्र कायमचं थंड पडलं की इंग्रजीत म्हणतात ते विटेइतकं निरुपयोगी झालं. आता आपल्या भाषेत वीट निरुपयोगी कशी असेल? आपला विठोबा युगानुयुगं विटेवर उभा आहे. 'वीट आला' म्हणजे कंटाळा आला. आणि नव्वदच्या दशकात जत्रेत, बाजारात मिळणाऱ्या '९९९९ इन १' गेमचं नावच 'ब्रिक गेम' होतं, त्यात तर विटा रचण्यातच मजा होती. त्यामुळे 'कन्सोल ब्रिक होईल' ही धोक्याची सूचना आपल्याकडच्या मुलाला धोक्याची वाटतच नाही. तीच सूचना 'कन्सोलचा दगड होईल' अशी दिली तर तो दोनदा विचार करेल.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल, तर ऑक्टोबर २००५ मधली गोष्ट सांगतो. पीएसपी 'डाउनग्रेड' करून देतो असं सांगणारी एक फाइल इंटरनेटवर पसरली. ती चालवणाऱ्यांच्या यंत्रात डाउनग्रेड काही झालं नाही. तिने आतल्या अत्यावश्यक फाइली पुसून टाकल्या आणि यंत्राचा दगड झाला. तो पीएसपीसाठीचा ट्रोजन होता, म्हणजे कामाचं सोंग घेऊन आत शिरणारा घातकी प्रोग्रॅम. नुसतं नाव ऐकून विश्वास ठेवणारे त्यात अडकले.

उलट बाजूही आहे. २००७ मध्ये 'पँडोरा बॅटरी' नावाची युक्ती बाहेर आली. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते. तिच्यातला क्रमांक बदलला की पीएसपी दुरुस्ती केंद्रातल्यासारखा सेवा मोडमध्ये सुरू होतो आणि तयार केलेल्या मेमरी कार्डावरून फर्मवेअर पुन्हा भरता येतं. दगड झालेले कित्येक पीएसपी त्याने उठून बसले. म्हणजे फर्मवेअर गेलं आणि बोर्ड जळालं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे दोन्हीला 'डेड' म्हणतात. ज्याला फरक माहीत नाही तो उठू शकणारं यंत्र भंगारच्या भावाने देऊन मोकळा होतो.

आणखी एक शब्द कायद्याच्या दारापर्यंत नेतो : बॅकअप. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप ठेवता येतो. बाजारात मात्र कधीच विकत न घेतलेल्या शेकडो गेमच्या गठ्ठ्यालाही 'बॅकअप' म्हणतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ सांगतं की हक्कभंग करण्याच्या हेतूने कामाचं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्यात 'हेतू' महत्त्वाचा आहे. स्वतःच्या जुन्या गेमची प्रत जपणं आणि दुसऱ्याचा गेम फुकट लाटणं यातली रेघ आपणच पुसायची आणि वर त्याला सोज्ज्वळ नाव द्यायचं, हे मला पटत नाही.

आता काहीजण म्हणतील, मग प्रत्येकाला शुद्ध मराठी प्रतिशब्द करा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'महापौर' दिला आणि तो रुजला. खरं आहे. पण ते शब्द कचेरीत रोज वापरात राहिले. उद्या कोणी फर्मवेअरला 'दृढप्रणाली' म्हटलं तर दुकानदार हसेल आणि मुलगा घाबरेल. निपाणीची ओळख असलेला 'तंबाखू', कामगाराचा 'पगार', कपाटाची 'चावी' हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. 'तूप' आणि 'अडकित्ता' कन्नडातून आले. त्यांना आज कोणी कोगनोळी नाक्यावर अडवून कागदपत्रं मागत नाही. फर्मवेअरही खुशाल येऊ दे.

दुसरे म्हणतील, मग सगळं इंग्रजीतच वाचा, त्यात काय? हेही मला मान्य नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री बघा. तिथल्या मोल्डरच्या तोंडी रनर, रायझर, कोअर असे इंग्रजीच शब्द असतात. पण रायझर कशाला असतो असं विचारा. तो सांगेल, धातू थंड होताना आक्रसतो, तेव्हा पोकळी राहू नये म्हणून वरून रस पुरवायला. शब्द परका, समज पूर्ण आपली. त्याने व्याख्या पाठ केलेली नाही, त्याला त्या वस्तूचं काम माहीत आहे, आणि ते स्वतःच्या भाषेत सांगता येतं. मला तंत्रज्ञानाच्या प्रत्येक शब्दाबाबत एवढंच हवं आहे. शब्द कुठूनही येऊ दे, अर्थ आपल्या भाषेत सांगता आला पाहिजे.

व्हीटीयूचं मुख्यालय आपल्या बेळगावात आहे, कोड लिहिणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. तरी घरात मराठी, दुकानात कन्नड आणि पडद्यावर इंग्रजी अशा तिहेरी कचाट्यात नवशिका सापडतो. पडद्यावर इशारा येतो, त्याला तो कळत नाही, आणि 'ओके' दाबायला बोट मात्र तयार असतं.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. भित्तिपत्रकाचा एक कोपरा आणि या ई-नियतकालिकाचं एक पान नवशिक्यांच्या शब्दांना द्या. एका वेळी पाचच शब्द. प्रत्येक शब्दाला तीन ओळी : लोक काय म्हणतात, प्रत्यक्षात काय होतं, आणि चुकलं तर काय जातं. शेजारी कन्नड वर्गातल्या मित्रांनी त्यांच्या भाषेत तेच लिहावं, कारण दगड झालेला कन्सोल भाषा बघत नाही. कन्सोलने सुरुवात करू, मग मोबाईल, मग बँकेचं ॲप.

पहिली नोंद मीच देतो. लोक म्हणतात : सॉफ्टवेअर मारलं. प्रत्यक्षात होतं : वर सांगितलेल्या पाचांपैकी काहीतरी एक, कोणतं ते विचारल्याशिवाय कळत नाही. चुकलं तर जातं : आतला सगळा मजकूर, कधी कधी यंत्रसुद्धा. तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर एवढंच विचारा, "अण्णा, नेमकं काय भरणार, आणि आधीचं जपून ठेवणार का?" ज्याला काम येतं तो दुकानदार आनंदाने सांगेल. जो सांगणार नाही, त्याच्याकडे यंत्र ठेवायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.