नॉमिनी आहे, रक्कम नाही

नव्या औषधाच्या चाचणीत घेण्याआधी माणसाकडून संमतीपत्र भरून घेतात. त्याचा नमुना सरकारी नियमांनीच ठरवून दिला आहे. त्यात नाव येते, जन्मतारीख किंवा वय येते. पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न येते. मग नॉमिनीचा रकाना येतो. नाव, पत्ता, नाते. नॉमिनी कशासाठी हवा, हेही कंसात सांगितले आहे. चाचणीशी संबंधित मृत्यू झाल्यास द्यायच्या भरपाईसाठी. भरपाई किती, याला मात्र रकाना नाही.

बँकेच्या मुदत ठेवीच्या पावतीवर नॉमिनी असतो आणि रक्कमही असते. रक्कम कोरी ठेवलेल्या पावतीवर कोणी वारसाचे नाव घालणार नाही. संमतीपत्रावर हे वर्षानुवर्षे चालले आहे आणि कोणाला खटकलेले नाही.

संमतीपत्रासोबतच्या माहितीपत्रकात भरपाईचा परिच्छेद असतो. तो असावाच लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार मिळतील, मृत्यू झाला तर नियमांप्रमाणे भरपाई मिळेल, असे तो सांगतो. नियम काय म्हणतात, ते रुग्णाने शोधायचे. ते शोधणे अवघड आहे, समजणे अवघड नाही. नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९. त्यांची सातवी अनुसूची. तिथे एक सूत्र आहे. ८ लाख रुपये ही मूळ रक्कम. तिला वयाच्या गुणांकाने गुणायचे. मग जोखमीच्या गुणांकाने गुणायचे. येईल त्या संख्येला ९९.३७ ने भागायचे. संपले.

वयाचा गुणांक कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यातून उचलला आहे. १६ वर्षांपर्यंत २२८.५४, चाळिशीला १८४.१७, पासष्टीला आणि पुढे ९९.३७. भाजक आला तो इथूनच. जोखमीचा गुणांक ०.५ ते ४ असा आहे. निरोगी स्वयंसेवकाला ४. सौम्य जोखमीच्या रुग्णाला ३, मध्यम जोखमीच्याला २. सहा ते चोवीस महिने जगेल अशी अपेक्षा असलेल्याला १. सहा महिन्यांपलीकडे जगण्याची अपेक्षा नसलेल्याला ०.५. जोखीम जितकी मोठी, तितका हा गुणांक लहान. आणि ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर सूत्रही लावायचे नाही. सरसकट २ लाख रुपये.

आता आकडे घालून पाहू. डेंगीच्या देशी लशीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिला १०,३३५ निरोगी प्रौढ हवे होते. अशा कुठल्याही लसचाचणीत आलेला ४० वर्षांचा धडधाकट माणूस घ्या. चाचणीमुळेच तो गेला असे ठरले, तर घरच्यांना सुमारे ५९ लाख ३१ हजार रुपये मिळतील. आता त्याच वयाचा, सगळे उपचार थकलेला रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण घ्या. तो नव्या औषधाच्या चाचणीत आला. आजाराने नव्हे, त्या औषधाने गेला, असे ठरले. त्याच्या घरच्यांना सुमारे ७ लाख ४१ हजार. वय तेच, कारण तेच. फरक आठपट. पासष्टीच्या रुग्णाच्या बाबतीत हीच रक्कम ४ लाखांवर येते.

या घसरणीमागे एक विचार आहे. ज्याचे आयुष्य थोडे उरले होते, त्याचे नुकसान थोडे झाले, असा तो विचार. त्याला उत्तरही आहे. कर्करोगाच्या औषधाची चाचणी धडधाकट माणसांवर पुरी होत नाही. ज्या आजारामुळे रुग्ण चाचणीला पात्र ठरला, त्याच आजाराच्या नावाने त्याची रक्कम उतरवली जाते. हा वाद दोन्ही बाजूंनी घालता येईल. तो इथे घालायचा नाही. मुद्दा इतकाच की ज्याच्याबद्दल हा वाद आहे, त्याला सही करताना वाद आहे हेच माहीत नसते.

आणि माहीत नसण्याचे काही कारण नाही. सूत्रातली प्रत्येक संख्या सहीच्या दिवशी टेबलावर असते. ८ लाख नियमात छापलेले. वय संमतीपत्रात लिहिलेले. भाजक ठरलेला. राहिला जोखमीचा गुणांक. तो कसा ठरवायचा, तेही नियम सांगतो. आजाराची तीव्रता, सोबतचे इतर आजार आणि आजाराचा कालावधी पाहायचा, आणि तो चाचणीत घेतानाचा पाहायचा. मृत्यूच्या वेळचा नव्हे. म्हणजे आकडा काढायला लागणारे सगळे त्या दिवशीच हाती असते. कोणी तो काढत नाही, इतकेच.

तो निघतो मृत्यूनंतर. संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचे. १४ दिवसांत कारणमीमांसेसह अहवाल द्यायचा. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने ३० दिवसांत मत द्यायचे. मग तज्ज्ञ समिती, मग औषध महानियंत्रकांचा आदेश, त्याला ९० दिवस. आदेश मिळाला की कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे. मृत्यू चाचणीमुळे झाला की नाही, हे ठरवायला या सगळ्या पायऱ्या हव्यातच. ते आधी ठरवता येत नाही. पण झाला असेल तर किती द्यायचे, हा निराळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न एकाच फायलीत बांधले गेले आणि दुसऱ्याचे उत्तर उगाच लांबले.

लांबल्याने बिघडते काय? जोखमीचा गुणांक बिघडू शकतो. कर्करोगाच्या कित्येक चाचण्यांत पात्रतेची एक अट असते. रुग्ण किमान १२ आठवडे जगेल अशी अपेक्षा हवी. म्हणजे आयुष्याचा अंदाज पहिल्याच दिवशी बांधला जातो आणि कागदावर येतो. पण तो चाचणीच्या गरजेपुरता. बारा आठवड्यांच्या पुढे किती, पाच महिने की सात, हे सांगण्याची सक्ती ती अट करत नाही. भरपाईची निम्मी रक्कम मात्र नेमकी त्यावर अवलंबून आहे. आपल्या ४० वर्षांच्या रुग्णाला पाच महिने धरले तर ७ लाख ४१ हजार. सात महिने धरले तर १४ लाख ८३ हजार. हा हिशेब तो गेल्यावर मांडला जातो. गेलेला माणूस फार दिवस जगला नसताच, असे वाटणे तेव्हा सोपे असते. पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हेही तेव्हा ठाऊक असते. गुणांक पहिल्या दिवशी लिहिलेला असेल, तर पुढची ओढाताण होणार नाही.

कंपनीला मात्र रकमांचा अंदाज आधीच असतो. चाचणीच्या कागदपत्रांत विम्याचा कागद किंवा भरपाईची तजवीज एथिक्स कमिटीपुढे ठेवावी लागते. विमा कंपनी रक्कम पाहिल्याशिवाय विमा देत नाही. म्हणजे देणाऱ्याने हिशेब केला, विमा देणाऱ्याने केला, मंजुरी देणाऱ्याने पाहिला. जिवाची जोखीम घेणाऱ्याकडून फक्त नॉमिनीचे नाव घेतले. त्याचे वार्षिक उत्पन्नही विचारून घेतले. सूत्रात उत्पन्नाला कुठेच जागा नाही. हमालाला आणि अधिकाऱ्याला मूळ रक्कम तीच, आणि ते योग्यच आहे. मग हिशेबात न येणारा आकडा विचारायचा आणि हिशेबातून येणारा सांगायचा नाही, याची संगती लावता येत नाही.

न दिसणाऱ्या आकड्याचे पुढे काय होते, हे त्या ८ लाखांकडे पाहून कळते. हा आकडा २०१३ च्या सुमारास सूत्रात आला. २०१९ चे नवे नियम झाले, तेव्हा तोच पुन्हा छापला गेला. ज्या कामगार कायद्यातून वयाचा तक्ता उचलला, तिथे हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८ हजारांवरून १५ हजार झाली. कामगारांना आपला आकडा ठाऊक असतो. त्यांच्या संघटनांनाही तो ठाऊक असतो. चाचणीतल्या रुग्णांची संघटना नसते, आणि आपली रक्कम थिजली आहे हे कळायला ती मुळात कुठे दिसतच नाही. सूत्र असलेल्या त्याच सातव्या अनुसूचीत जिवावर बेतलेल्या पण बऱ्या झालेल्या रुग्णाची भरपाई दिल्लीतल्या अकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी बांधली आहे. ते वेतन वाढले की ती भरपाई आपोआप वाढते. मृत्यूची वाढत नाही.

रक्कम छापायला विरोध होईल. पहिला आक्षेप आमिषाचा. मोठा आकडा पाहून गरीब माणूस जीव धोक्यात घालेल, असे म्हटले जाईल. ५९ लाखांच्या बाबतीत यावर थोडा विचार करता येईल. चाचणीत मृत्यू झाला, तो चाचणीमुळेच झाला असे सिद्ध झाले आणि महिन्यांनी आदेश निघाला, तर मिळणारे ४ लाख हे कोणाचे आमिष आहे? आणि आमिषाचीच चिंता असेल, तर नॉमिनीचा रकाना तरी कशाला? रक्कम न सांगता पैसे मिळतील असे सुचवणे हे रक्कम सांगण्यापेक्षा साधे कसे? नेमका आकडा नसला की माणूस मनाशी आकडा धरतो. तो बहुधा खऱ्यापेक्षा मोठा असतो.

दुसरा आक्षेप गुंतागुंतीचा. प्रत्येक रुग्णाचा हिशेब वेगळा, तो सगळा कसा छापायचा? छापायचा नाही, लिहायचा. वय आणि गुणांक घातले की एका ओळीचे गणित आहे. त्याखाली दुसरी ओळ: मृत्यू चाचणीमुळे झाला असे ठरले तरच ही रक्कम मिळेल, आजारानेच झाला तर नाही. ही दुसरी ओळ पहिलीइतकीच गरजेची आहे. दुर्बल घटकांतला रुग्ण असेल आणि औषधाचा रेणू नवा असेल, तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची सक्ती आहेच. कॅमेरा लावायला वेळ मिळतो. दोन ओळी वाचून दाखवायलाही मिळेल.

यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको. नमुन्यात जे आहे ते असलेच पाहिजे. त्याहून अधिक माहिती देण्यापासून तो कोणाला अडवत नाही. एप्रिल २०१८ पासून प्रत्येक चाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. त्यामुळे कर्करोग, मधुमेह, क्षय अशा कितीतरी आजारांच्या, मंजूर झालेल्या पण भरती सुरू न झालेल्या चाचण्या त्या नोंदवहीत कायम दिसतात. किती रुग्ण हवेत, कोण चालेल, कोण चालणार नाही, औषध किती द्यायचे, सगळे तिथे असते. त्यांतल्या कित्येक मुंबई, पुणे, नागपूरच्या रुग्णालयांत व्हायच्या असतात. त्यांची संमतीपत्रे, मराठी प्रतींसह, एथिक्स कमिट्यांच्या हातून जातात. या कमिटीत किमान सात सदस्य असतात, निम्मे संस्थेबाहेरचे. एक सदस्य डॉक्टर नसलेला सामान्य नागरिक असावाच लागतो. रुग्णाच्या जागी बसून कागद वाचायला कोणी हवे, म्हणून त्याला तिथे बसवले आहे. त्याने बैठकीत एकच प्रश्न विचारावा: या माणसाची रक्कम किती?

तिसरा आक्षेप सहसा कोणी बोलून दाखवत नाही. आकडा ऐकून रुग्ण मागे फिरेल, ही भीती. फिरेलही काही. ४ लाख हा आकडा वाचून कोणी उठून गेला, तर चाचणीचे काही बिघडले नाही, संमती विचारण्याचे काम झाले. तो आकडा तोंडावर सांगायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांनी तो संकोच सूत्र ठरवणाऱ्यांपर्यंत पोचवावा. रुग्णापासून झाकून ठेवल्याने तो आकडा रास्त ठरत नाही.