पुन्हा इन्स्टॉल कर म्हणे!

आपल्या धंद्यात एक सल्ला फुकट मिळतो आणि त्याची लायकीही तेवढीच असते : "चालत नाहीये? पुन्हा इन्स्टॉल कर." देणारा बहुतेक वेळा सीनियर असतो, त्यामुळे घेणारा उलट विचारत नाही, मान डोलावतो. पण इंटेलच्या पीसीवर एआरएमचं लिनक्स चालवायचं असेल, तर हा सल्ला नुसता आळशी नाही, चक्क चुकीचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, असली उठाठेव करतंय कोण? बरेच जण करतायत. अ‍ॅमेझॉननं २०१८ मध्ये ग्रॅव्हिटॉन आणला, अ‍ॅपलनं २०२० मध्ये एम१. सर्व्हर एका जातीचा आणि हातातला लॅपटॉप दुसऱ्या जातीचा, हे आता रोजचंच झालंय. अशा वेळी मदतीला येतो तो क्यूएमू. फाब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये लोकांसमोर ठेवलेला हा प्रोग्रॅम परक्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन्सचं आपल्या प्रोसेसरच्या भाषेत चालता चालता भाषांतर करतो. केव्हीएमचा वेग इथे मिळत नाही, कारण केव्हीएमला पाहुणा आणि यजमान एकाच जातीचे लागतात. म्हणजे एरवी पाव तासात होणारं इन्स्टॉलेशन इथे काही तास खातं. ‘पुन्हा इन्स्टॉल कर’ म्हणजे पोराचा अख्खा शनिवार गेला, हे लक्षात घ्या.

बरं, तो शनिवार देऊन मिळतं काय? बघू.

पहिला प्रकार, काळा पडदा. काहीच दिसत नाही, एररसुद्धा नाही. आपल्या डोक्यात पीसी बसलेला असतो : बायोस असणार, स्क्रीन असणार, कीबोर्ड असणारच. एआरएमच्या जगात असं काही गृहीत धरता येत नाही, प्रत्येक बोर्ड वेगळा. म्हणून क्यूएमू आधी विचारतो, कुठलं मशीन? आपण म्हणतो ‘व्हर्ट’. ते बरोबरच आहे, पण व्हर्टचा डीफॉल्ट प्रोसेसर कॉर्टेक्स-ए१५ आहे, आणि तो ३२ बिटी! त्यावर ६४ बिटी कर्नल तोंडातून अवाक्षर काढत नाही. प्रोसेसर म्हणून कॉर्टेक्स-ए५७ किंवा ‘मॅक्स’ लिहा, खेळ संपला. प्रोसेसर बरोबर असूनही पडदा काळाच? मग बहुधा मशीन बोलतंय, पण सिरियल पोर्टवर. व्हर्टला ग्राफिक्स कार्ड आपणहून येत नाही, ते तुम्ही जोडायचं असतं. ‘नोग्राफिक’ देऊन बघा, अक्षरं धडाधड टर्मिनलवर येतील.

दुसरा प्रकार जास्त छळतो. चार तास घालवून डेबियन नीट बसलं, मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि समोर यूईएफआय शेलचा प्रॉम्प्ट. लिनक्स गायब! इथे शंभरातले नव्वद सल्लागार म्हणतील, "इन्स्टॉलेशन बिघडलंय." अहो, इन्स्टॉलेशनला काही झालेलं नाही. त्याच शेलमध्ये डिस्कवर जा, ईएफआय फोल्डरमधल्या डेबियनमधली ग्रबची फाइल हातानं चालवा. लिनक्स मुकाट्यानं उठतं.

मग झालं काय? ‘कुठून बूट करायचं’ ही नोंद इन्स्टॉलर डिस्कवर नाही, फर्मवेअरच्या मेमरीत करतो. खऱ्या मदरबोर्डवर त्यासाठी चिप असते. इथे मदरबोर्ड तुम्हीच मांडलाय, तर चिपही तुम्हीच द्यायची : फर्मवेअरची एक फाइल आणि नोंदी लिहायला दुसरी, दोन्ही व्हर्टसाठी बरोबर ६४ एमबीच्या. फर्मवेअर नुसतं ‘बायोस’ ऑप्शननं दिलंत, तर मशीन बंद करताच नोंद पुसली जाते. मग दहा वेळा इन्स्टॉल करा, दहा वेळा शेलच दिसणार. बिघाड डिस्कच्या बाहेर आहे आणि आपण डिस्क घासत बसलोय!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "डेडलाइन असते रे, मुळात जायला वेळ कुठाय?" मान्य. पण हिशोब तर करा. सिरियल पोर्ट बघायला एक मिनिट लागतं, शेलमधून ग्रब चालवायला दोन. पुन्हा इन्स्टॉल करायला चार तास. वेळ नाही म्हणणाऱ्यानंच खरं तर आधी निदान करायला हवं.

आणि वेळ तरी भरून काढता येतो. त्या पोराच्या मनात "आपल्याला हे जमत नाही" असं जे बसतं, ते निघत नाही. रविवारी रात्री तो क्यूएमू काढून टाकतो, सोमवारी एआरएमवर टेस्ट न करताच बिल्ड पुढे ढकलतो, आणि जे फुटायचं ते गिऱ्हाइकाकडे फुटतं.

तेव्हा सीनियर मंडळी, एवढं करा. पुढच्या वेळी कुणी "चालत नाहीये" म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा : प्रोसेसर कुठला दिलास? सिरियल पोर्टवर काय दिसतंय? बूटची नोंद कुठे साठतेय? तिन्हीची उत्तरं मिळूनही अडलं, तर खुशाल सांगा पुन्हा इन्स्टॉल करायला. पण मग शनिवारी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तुम्हीही बसा.